मातृभाषेच्या रकान्यात अहिराणी का सांगायची नाही?

बागलाणकर:
कालपासून एक पोस्ट फिरतेय, माझ्याकडेच तीन ग्रुपवर आली. "2027 च्या जनगणनेत मातृभाषा फक्त मराठी सांगा, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी या बोली आहेत, त्या सांगितल्या तर मराठीचा आकडा घटेल." डोकंच फिरलं वाचून. अहो, खानदेशी, म्हणजे जनगणनेत आमची अहिराणी ज्या नावाखाली धरतात ती, 2011 ला पण वेगळीच मोजली होती, 18.60 लाख, तरी मराठी 8.30 कोटींवर जाऊन तेलुगूच्या पुढे तिसरी आलीच ना? घटलो ते आम्ही, 2001 ला 20.75 लाख होतो. कसे घटलो ते डोळ्यांनी पाहिलंय. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली, प्रगणकाने मातृभाषा विचारली, ती म्हणाली "आम्हनी अहिराणी शे". त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं मराठी. मी वाकून बघत होतो. आजीला वाचता येत नव्हतं.

सह्याद्रीपुत्र:
मीच पाठवली ती पोस्ट आणि अजून शंभर ठिकाणी पाठवणार. हिंदीवाले 52.83 कोटी दाखवतात, त्यात भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी सगळं धरून. आणि आपण आपल्याच घराच्या वाटण्या करायच्या? बँकेत, रेल्वेत मराठी मागायला जातो तेव्हा हाच आकडा कामी येतो.

बागलाणकर:
म्हणजे 5 कोटी भोजपुरीवाले हिंदीत ओढले की तो अन्याय आणि आम्हाला मराठीत ओढलं की एकजूट?

निवृत्त प्रगणक:
2001 आणि 2011, दोन्ही वेळा घरं फिरलोय. सूचना स्पष्ट होती, लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा, आणि माणूस सांगेल ते नाव लिहायचं. भाषा की बोली हे आम्ही ठरवायचंच नाही, ते वरती, जनगणना कार्यालयात. 2011 ला लोकांनी सांगितलेली नावं 19,569 भरली, छाननी होऊन 1,369 मातृभाषा उरल्या, त्यांचे गट पाडून दहा हजारांवरच्या 121 भाषा छापल्या. तुमच्या आजीचं उत्तर तर दारातच गेलं, हे चूकच झालं. पण सगळ्या मास्तरांना धोपटू नका, ऐन फेब्रुवारीत, बारावी-दहावीच्या तोंडावर शाळा सांभाळून फिरायचो आम्ही.

कुडाळचो:
तुमची निदान वेगळी तरी मोजतात. आमची मालवणी कोकणीच्या पोटात घातलीय त्याचं काय? माझी आई "माका, तुका" बोलते आणि स्वतःला मराठीच म्हणवते.

फोंडेकर:
कोकणीत धरली तर बिघडलं काय? "माका, तुका" आम्ही पण म्हणतो. इतकी वर्षं कोकणीला मराठीची बोली म्हणून हिणवलंत, 1992 ला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली तेव्हा कुठे तोंडं बंद झाली.

कुडाळचो:
हिणवलं कोणी? आमच्याकडे दशावतार, भजन, शाळा सगळं मराठीत. मालवणी कुठल्या खात्यात टाकायची ते मालवणी माणसाला विचारा की.

फोंडेकर:
वर गुरुजींनी लिहिलंय ते वाचा. आई काय बोलायची हे विचारतात, भजन कशात ते नाही. आमच्या देवघरात पण मराठी आरत्याच आहेत, पण आईने "जेवलो रे पुता?" असंच विचारलं आयुष्यभर. मी कोकणीच सांगणार.

कुडाळचो:
तुम्ही सांगा हो, पण आमच्या वतीने नको.

निळी_पहाट:
भांडा तुम्ही, पण धर्माच्या रकान्याचं कोणीच बोलत नाही. 1951 ला देशभरात बौद्ध 1.81 लाख, 1956 ची दीक्षा झाली आणि 1961 ला 32.5 लाख. ही माणसं बाहेरून आली नव्हती, रकान्यात स्वतःचं नाव सांगायला लागली. वडील सांगतात, 1981 ला दारात आलेला माणूस म्हणाला बौद्ध लिहू नका, सवलती जातील. त्यांनी तरी लिहायला लावलं. अनुसूचित जातीच्या यादीत बौद्ध धरायचा कायदा 1990 चा, म्हणजे नऊ वर्षं आधी ती जोखीम घेतली होती. नाव दाबून आकडा वाढवायचा सल्ला आम्हाला सांगू नका.

सह्याद्रीपुत्र:
धर्माचं वेगळं आहे. बरं, ज्याची आई अहिराणी बोलायची त्याने सांगा अहिराणी, पोस्टमधून ते नाव काढतो. पण 2011 ला मातृभाषेशिवाय आणखी दोन भाषा विचारल्या होत्या, तिथे तरी मराठी सांगा. एवढं करा.

बागलाणकर:
ते मी मागच्या वेळीही सांगितलं होतं. आजी आता नाही. माझी मुलगी पुण्यात वाढली, बायको तिच्याशी पहिल्यापासून मराठीतच बोलते, तेव्हा तिच्या नावापुढे नियमाने मराठीच लागणार आणि मी तेच सांगणार. माझ्यापुढे अहिराणी, आणि या वेळी लिहिलेलं वाचून बघणार.

कुडाळचो:
गुरुजी, आईने मालवणी सांगितलं की वरती ते कोकणीत जाणार. मग तिने सांगायचं काय?