केळीचा वाख पीएलएमधून निसटतोय

टॉवेलवाला:
सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे सहा माग आहेत. टॉवेलाला गिऱ्हाईक थंड, म्हणून नवीन उद्योग काढलाय. करमाळ्याकडं मेहुण्याची केळी आहे. घड उतरला की खोडं बांधावर कुजतात. त्यांचा वाख म्हणजे तंतू काढला, तांदळाएवढे तुकडे केले, पीएलएच्या (मक्यापासून केलेलं, कुजणारं म्हणतात ते प्लास्टिक) दाण्यात शंभराला वीस मिसळून छोट्या एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दाणे वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, दोरा ओढला. द्राक्षाच्या काड्या बांधायला, म्हणजे प्लास्टिकची सुतळी रानात राहायला नको.

तापमान २०५ ठेवलं. करपलेल्या गुळाचा वास, दोरा आतून फेसाळ, ओढला की कटकन तुटतो. तुटल्या टोकातून वाख शेंगेतल्या दाण्यासारखा साफ सुटून येतो. कुठं चुकतंय मालक?

रंगारी:
आधी वाळवण. वाख हाताला कोरडा लागला तरी त्यात दहाएक टक्के पाणी असतं. त्याची वाफ होते, म्हणून फेस. तेच पाणी गरम पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून कटकन. वाख आणि दाणे दोन्ही ८० अंशाला चार-पाच तास वाळवा, यंत्र १७५-१८० वर आणा. २०० च्या पुढं वाख करपणारच.

निसटण्याचं कारण वेगळं. वाखावर पेक्टिन-लिग्निनचा, म्हणजे झाडातल्या नैसर्गिक डिंकासारख्या पदार्थांचा, थर असतो, पीएलए त्याला धरत नाही. तो काढायला वाख ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन तास भिजवा, भरपूर धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर.

बागवाली, माढा:
दादा, पीएलएला कुजायला ५५-६० अंशांचा तापलेला कंपोस्ट लागतो. छाटणीच्या काडीबरोबर मातीत गेलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. आम्हाला ऑक्टोबर छाटणी ते मार्च, एवढंच टिकायला हवं. नुसता वाख पिळून का देत नाही?

टॉवेलवाला:
ताई, दाण्यांचं अख्खं पोतं आणून बसलोय, त्यामुळं जरा झोंबलं. पण खरंय.

वाळवून परत ओढला. फेस गेला, वास गेला. वाख अजून निसटतो. कॉस्टिक बाकी आहे. तोवर वडिलांनी लांब वाख दोनपदरी पिळला, मागाची खळ लावली. खळ पावसात सुटणार, म्हणून वर मेणाचा हात फिरवलाय. चार वाव पाठवतो, अवकाळीत कशी राहते सांगा.

रंगारीभाऊ, कॉस्टिकचं पाणी ओतायचं कुठं? आई नारळाच्या आळ्यात ओतू देईना.

रंगारी:
आईचं ऐका. तेच पाणी पुढच्या खेपेला वापरा, आणि हातमोजे घाला की ओ.