मदत हवी आहे: एसएमपीएस जळाल्यापासून रॅम अर्धीच दिसते

मंडळी, गेल्या आठवड्यात लाईट सारखी जा-ये करत होती, त्यात पीसीचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) जळाला. नवीन बसवला, तर १६ ऐवजी ८ जीबीच रॅम दिसते, मधेच निळी स्क्रीन येते. डीडीआर४ च्या ८ जीबीच्या दोन स्टिक आहेत. खोडरबराने संपर्कपट्ट्या पुसल्या, सीमॉस (मदरबोर्डच्या साठवलेल्या सेटिंग) रीसेट केला, एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद ठेवलं. मग एकेक स्टिक लावून मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवली. पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही निर्दोष. तिसऱ्या-चौथ्यात मात्र कोणतीही लावा, डिस्प्लेच नाही! म्हणजे अख्खा एक चॅनलच (दोन स्लॉटना प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) गेलाय. दोष मदरबोर्डचा की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा (रॅम हाताळणाऱ्या भागाचा)? दुसरा प्रोसेसर हाताशी नसताना हे कसं ओळखायचं? बहिणीचा प्रबंध याच पीसीवर चालू आहे, म्हणून फार काळजी वाटते. तोवर दोन्ही स्टिक पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून काम केलं तर चालेल का?