मदत हवी आहे: जुनी इमारत पाडताना राडारोडा, सिमेंटचे पत्रे आणि धुळीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी स्थापत्य अभियंता आहे, पुण्यात एका छोट्या ठेकेदाराकडे साईट सांभाळते. कर्वेनगर भागातली १९७८ ची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला आली आहे. यंदाचा, २०२५ चा दसरा झाला की पाडकाम सुरू. परवा सरांनी फाईल हातात ठेवली आणि म्हणाले, "पर्यावरणाचं सगळं तू बघ." आजवर मी स्लॅब, सळई आणि बिलं बघितली. हे काम मनापासून नीट करायचं आहे, म्हणून विचारते. जरा लांबेल.

आधी राडारोडा. जुन्या नकाशावरून बांधकाम साधारण १४०० चौरस मीटर. चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो माल निघतो हा ढोबळ हिशोब धरला तर ५०० टनांच्या आसपास जातं, आणि सगळं तीन आठवड्यांत उतरवायचंय. राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे (ते ३१ मार्च २०२६ पर्यंतच लागू) महिन्याला ३०० टनांवर गेलं की महापालिकेला आराखडा द्यायचा आणि माल चार भागांत वेगळा ठेवायचा: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक, विटा-मसाला. प्लॉट आठ गुंठ्यांचा. इमारत आणि कोपऱ्यातला कडुनिंब सोडला तर पोकलेन वळायलासुद्धा जागा उरत नाही. चार ढीग लावू कुठे?

दुसरी भीती डंपरची. गेल्या वर्षी दुसऱ्या एका साईटवर पाडकामवाला रोज सांगायचा, "माल पोचवला." शंका आली म्हणून एका संध्याकाळी स्कूटर काढून मागे गेले. डंपर नदीकडे वळला, झाडीच्या आड मागचा फाळका उघडला, माल ओतला आणि दहा मिनिटांत परत रस्त्यावर. तो गेल्यावर मी खाली उतरून पाहिलं. हिरव्या ठिपक्यांच्या मोझॅक टाइल्सचे तुकडे होते, आमच्याच जिन्याचे. त्या जिन्यावरून मी महिनाभर वरखाली केली होती. तेव्हा कुणाला काही बोलले नाही, ते अजून मनात सलतं. या वेळी एकही खेप तशी जाऊ द्यायची नाही.

आता ज्यासाठी खरं तर हा धागा काढला ते. गच्चीवर पाण्याच्या टाकीवर आणि मागच्या पार्किंगवर मिळून तीसेक जुने सिमेंटचे पत्रे आहेत, ॲस्बेस्टॉसचे. तुटलेल्या कडेला बोटभर अंतरावरून पाहिलं तर करड्या लोकरीसारखे बारीक तंतू बाहेर आलेले दिसतात. आमचे मुकादम मामा, लातूरकडचे, वीस वर्षं सरांबरोबर आहेत. ते मला म्हणाले, "ताई, फेकणारच आहात ना? मग गावाकडं घरावर घालतो की. पोरांच्या डोक्यावर छप्पर होईल." मी म्हटलं, "विचारून सांगते." नाही कसं म्हणू? आणि पत्रे खाली उतरवायचे तरी कसे, द्यायचे कुठे?

शेवटचं, धूळ. भिंतीला भिंत लागून शेजारची इमारत, पहिल्या मजल्यावर दम्याच्या आजी. त्या स्वतः येऊन सांगून गेल्या, "कधी सुरू करणार ते आधी कळव गं, मी लेकीकडे जाईन." तीन आठवडे एका बाईने आपल्यामुळे घर सोडायचं, हे मला पटत नाही. हिरवी जाळी लावणारच आहोत. ती पुरते का?

— साईटवरची

चाळीस_वर्षं_गवंडीकाम लिहितात:

मुली, ढीग जागेने वेगळे होणार नाहीत, वेळेने वेगळे कर. पोकलेन लावायच्या आधी आठवडाभर हाताने काढून घे: दारं, चौकटी, ग्रिल, खिडक्या, नळ, वायरी. जुन्या चौकटी सागवानी असतील, त्यांना बाजार आहे. ते गेलं की लोखंड-लाकडाचा विषय बऱ्यापैकी संपला. मग वरच्या मजल्यापासून विटांच्या आतल्या भिंती, त्या उचलल्या की स्लॅब. एका वेळी अंगणात एकच ढीग. पण आधी नकाशा नीट बघ. आरसीसी फ्रेम असेल, म्हणजे वजन खांब-तुळयांवर असेल, तरच हा क्रम. स्लॅब भिंतींवर टेकलेला असेल तर भिंतीला आधी हात लावायचा नाही, एकेक मजला पूर्ण उतरवायचा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नकोस.

विटांचे चांगले तुकडे सगळे घालवू नकोस. नव्या गच्चीला ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर, करणार असाल तर तेवढे धुऊन ठेव.

मुठाकाठची लिहितात:

डंपरचं उत्तर पैशात आहे. करारातच लिहून घ्या: वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पातली वजनकाट्याची पावती आणल्याशिवाय त्या खेपेचं बिल निघणार नाही. सहाचाकी डंपरमध्ये दहा टन धरले तरी तुमच्या पन्नास-साठ खेपा होतील. तेवढ्या पावत्या जमल्या पाहिजेत. गेटवर वहीत नंबर, वेळ आणि ड्रायव्हरची सही. वाघोली लांब आहे, तर वाहतुकीचा दर त्या हिशोबाने द्या. कमी दरात उचलतो म्हणणारा बाकीचा खर्च नदीकडून वसूल करतो. मी मुठेच्या काठी लहानाची मोठी झाले. जिथे आम्ही खेकडे पकडायचो तिथे आज टाइल्सवरून चालत जावं लागतं. तुम्ही त्या संध्याकाळी मागे गेलात, याबद्दल तुमचे मनापासून आभार.

अजून एक. तुमचं काम पुढच्या एप्रिलच्या पलीकडे चालणार. राडारोड्याचे २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यातली मोठी जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांना आहे. तुम्ही त्यात बसणार नाही, तरी सरांना वाचायला द्या.

सुरक्षा_अधिकारी_चाकण लिहितात:

पत्र्यांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथे चूक परवडत नाही.

पत्रा अख्खा आणि जागेवर असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. फोडला, कापला, ड्रिल केला, ओढत नेला की ते हवेत सुटतात. ते श्वासातून गेल्याने होणारा फुप्फुसाचा आजार वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो, त्यामुळे "आम्ही आयुष्यभर हेच करतोय, काही झालं नाही" या वाक्याला अर्थ नाही. गावाकडे नेऊन पुन्हा बसवायचे म्हणजे खिळ्यासाठी भोकं पाडणार, मापाला कापणार, तेही पोरांसमोर. मामांना नाहीच म्हणायचं.

उतरवताना: आधी स्प्रे पंपाने पत्रा भिजवा, पाण्यात थोडं साबण घाला म्हणजे पाणी आत मुरतं. गंजलेले हूक पत्रा न फोडता हाताच्या बोल्ट-कटरने कापा, पत्र्याला धक्का नको. वरून खाली टाकायचा नाही, दोघांनी धरून उतरवायचा. जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून टेप मारायचा आणि वर मोठ्या अक्षरात 'ॲस्बेस्टॉस' लिहायचं. खाली पडलेला चुरा कोरडा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून तेही त्याच प्लॅस्टिकमध्ये. रुमाल बांधून चालत नाही. एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा, अतिबारीक कण गाळणारा मास्क, वापरून टाकायचे अंगरखे, आणि त्या कपड्यांवर कुणी घरी जायचं नाही. हा माल राडारोड्यात मिसळला तर सगळा ढीग बिघडला. रांजणगावला घातक कचऱ्याची सोय आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला आधी लेखी कळवून तिकडे पाठवा.

पत्रा_आणि_पाणी लिहितात:

जाळीने विटांचे तुकडे अडतात, बारीक धूळ तिच्या भोकांतून आरामात जाते. धूळ उडाल्यावर पाणी मारून उपयोग नाही, काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरचं टोक जिथे लागतं तिथेच पाणी पडलं पाहिजे. एक माणूस नळी धरून फक्त त्यासाठी उभा करा, तो खर्च दरपत्रकात वेगळा दाखवा. आजींच्या बाजूला उंच पत्र्याची भिंत आणि आतून ओली ताडपत्री. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक एकरापेक्षा लहान जागेलाही २५ फूट पत्रा सांगितला होता, तो आकडा डोळ्यासमोर ठेवा. पाणी सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं मागवा, पिण्याचं नको.

आणि कडुनिंब! फांद्यांच्या घेराएवढं कुंपण आजच घाला. पुढे काँक्रीट सुरू झालं की ट्रान्झिट मिक्सर धुतलेलं पांढरं पाणी हमखास झाडाच्या बुंध्याशी सोडतात. ते पाणी चुन्याच्या निवळीसारखं जहाल असतं, सामू (पीएच) बाराच्या घरात. तीन कप्प्यांची टाकी खणा, निवळलेलं पाणी पुढचा मिक्सर धुवायला घ्या.

साईटवरची (धागाकर्ती):

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत काय झालं ते सांगते.

नकाशा मिळाला, फ्रेम आरसीसीची आहे. स्ट्रक्चरलवाले सोमवारी येऊन क्रमावर सही करणार. पावतीची अट करारात घातली. पाडकामवाल्याने दर वाढवून मागितला, सरांनी थोडी घासाघीस करून दिला. मला वाटलं नव्हतं.

मामांशी काल दुपारी बोलले. डबा खाताना बसले त्यांच्याजवळ, तुटका कोपरा लांबूनच दाखवला, सगळं सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या बापाच्या घरावर हेच हाय ना ताई, तीस वर्षं झाली." मी सांगितलं, आहे ते हलवू नका, तोडू नका, भोक पाडू नका. नवं छप्पर करायचं झालं तर मला फोन करा, पत्रा उतरवायला मी येते. सरांकडे त्यांच्यासाठी वीस रंगीत लोखंडी पत्र्यांची मागणी केली आहे, रांजणगावच्या खर्चाच्या चिठ्ठीलाच जोडून. अजून होकार आलेला नाही.

आता एकच राहिलं. पी-१०० मास्क दाढी असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर घट्ट बसत नाही असं दुकानदार म्हणाला. आमच्या चारपैकी दोघांना दाढी आहे, त्यातल्या एकाला ती काढणं धर्मामुळे शक्य नाही. त्याला या कामातून बाजूला ठेवून दुसरीकडे पूर्ण हजेरी देऊ का, की दाढीवर चालणारा काही प्रकार मिळतो? कुणी वापरला असेल तर कृपया कळवा. पत्रे पुढच्या गुरुवारी उतरवायचे आहेत.