फोनच्या कॅमेऱ्याने दुकानात भाव दाखवायचा आहे, सल्ला हवा (बजेट ₹२०,०००)

रामबागचा_दुकानदार: इंदूरला रामबागेत वडिलांपासूनचं किराणा दुकान आहे. परवा एका आजींनी चहापत्तीचं पाकीट डोळ्यांना टेकवलं, तरी तारीख वाचता येईना. फोन समोर धरला की भाव नि तारीख मोठी दिसावी, एवढंच हवंय. कोणी केलंय का?

मल्हारभक्त: दादा, आधी फोन चांगला घ्या. मी ४५ हजारांचा घेतला, अंधारातही बारकोड चटकन पकडतो.

कोडवाली: अहो, त्यांचं बजेट २० आहे, आणि फोन गिऱ्हाइकाचा असणार. दादा, पाकिटावरच्या बारकोडमध्ये भाव नसतो, तारीखही नसते. नुसता १३ आकडी नंबर. ८९०ने सुरू झाला तर नोंदणी भारतातली. भाव तुमच्या बिलिंगमधून आणावा लागेल. तारीख वाचून घेणं अवघड, चकचकीत प्लास्टिकवर ठिपक्यांची छपाई असते, ८चा ३ होतो. चुकीची सांगण्यापेक्षा तेवढी जागा झूम करून दाखवा. बारकोड वाचायला गूगलचं एमएल किट, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचा तयार कोड, फुकट आहे. बटणं खाली, अंगठ्याजवळ ठेवा, दुसऱ्या हातात पिशवी असते.

नारायणबाग_काकू: अ‍ॅप मुळीच नको! एका मोठ्या दुकानात घ्यायला लावलं. आधी नंबर, मग ओटीपी, मग लोकेशन. पोह्यांचं पाकीट तिथेच ठेवून आले. त्यापेक्षा क्यूआर लावा, स्कॅन केला की अ‍ॅपशिवाय पान उघडतं.

सियागंज_४२: क्यूआरच लावा. पण सुट्या शेवेचं काय? कॅमेरा काय वाचणार?

कोडवाली: लेबल छापून देणारा वजनकाटा असतो. २० ते २९ने सुरू होणारे बारकोड दुकानातल्या वापरासाठीच राखीव आहेत, त्यात वजन किंवा किंमत बसवता येते.

मल्हारभक्त: मग काटाच घ्या, बजेट थोडं वाढवा. आमच्या साडूंकडे आहे, एक नंबर.

नारायणबाग_काकू: शेव आधीपासून बांधून ठेवू नका हो, मऊ पडते.

रामबागचा_दुकानदार: सगळ्यांचे आभार. क्यूआर नाही लावत, काटाही नाही. आजींना विचारलं, त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. म्हणून घरचा जुना फोन काउंटरवर वीतभर उंच, आडवा बसवलाय. पाकीट खाली सरकवायचं. पुढच्या कॅमेऱ्यात जवळचं धूसर दिसत होतं, म्हणून मागचाच वापरला. कोडवाली ताई, तुमचं झूमचं ऐकलं. भावाचं काम भाचा रविवारी एमएल किटवर करणार आहे. काल नुसत्या झूमवर आजींनी तारीख स्वतः वाचली, आणि मग पिशवीतली बाकीची पाकिटंही एकेक करून खाली ठेवली.