सातवीच्या मुलांकडून संगणकावर वर्तुळ कसे काढून घ्यावे?

प्रश्न (कळवा, ठाणे)

मी सातवीला पायथन ही संगणकभाषा शिकवते. तिच्यातल्या टर्टलमध्ये, म्हणजे पडद्यावर चालत रेघ ओढणाऱ्या कासवाला, ‘सर्कल’ लिहून कंसात १०० टाकले की वर्तुळ उमटते आणि मुले पुढच्या चित्राकडे वळतात. पण ते शंभर म्हणजे नेमके काय (ती त्रिज्या असते), असे विचारले की बरीच मुले ‘आकार’ एवढेच सांगतात. ही तयार कमांड न देता, त्रिकोणमिती अजून न शिकलेल्या मुलांना वर्तुळ कसे काढायला लावावे?

उत्तर १ (नेरुळ)

नमस्कार ताई. मी मुलांना आधी मैदानावर नेतो. एकाने कासव व्हायचे, एक पाऊल टाकून किंचित डावीकडे वळायचे, पुन्हा एक पाऊल टाकायचे, आणि दुसऱ्याने मागून खडूची रेघ ओढत यायचे. लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ साली आली. तिच्यात पुढे आलेल्या कासवामागे तिच्या निर्मात्यांपैकी एक, सेमोर पेपर्ट यांचा विचार हाच होता, की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून पाहावे.

वर्गात परतल्यावर ‘१ पुढे, १ अंश डावीकडे’ हे ३६० वेळा करायला सांगावे. त्रिज्या मात्र आपण सांगू नये. कासवाला मूळबिंदूपासून पूर्वेकडे तोंड करून सोडावे, हे १८० वेळा झाल्यावर थांबवावे आणि त्याची जागा छापून घ्यावी. उंची सुमारे ११४.६ येते, म्हणजे तोच व्यास, आणि ३६० ला त्याने भागले की पाय (π, सुमारे ३.१४) मुलांच्या हातात येतो.

चुकाही होऊ द्याव्यात. स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेत एका मुलीने १० पावले आणि १ अंश घेतला, तेव्हा ‘सर, हे तर सरळच चाललंय’ म्हणून ती अडून बसली. त्या वर्तुळाची त्रिज्या ५७३ होते आणि स्क्रॅचचा मंच (चित्राची जागा) ४८० बाय ३६० चाच आहे, हे तिने स्वतः हिशेब करून शोधले.

उत्तर २ (ऐरोली)

दहावीतल्या माझ्या मुलीने साइन-कोसाइन वापरले, पण पायथनला कोन अंशांत नव्हे तर रेडियन या दुसऱ्या एककात लागतो हे न कळल्याने ० ते ३५९ हे आकडे तसेच दिले. बिंदू वर्तुळावरच पडले, मात्र प्रत्येक पुढचा बिंदू ५७.३ अंश दूर गेल्याने ते रेषांनी जोडल्यावर मधे पोकळ असलेले जाड कडे तयार झाले. वरच्या पद्धतीतली त्रिज्याही ५७.३ च येते. हा योगायोग नाही, कारण एक रेडियन म्हणजे परिघावरच्या त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाचा कोन, आणि ३६० पावलांच्या परिघात तो ५७.३ पावलांचा असतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज करून पाहिले. एका मुलाने कंटाळून ‘१० पुढे, १० अंश’ घेतले आणि हे १८ वेळा झाल्यावर कासवाची उंची ११४.३ आली, तेव्हा उरलेले ०.३ कुठे गेले, यावर वर्गात तास संपेपर्यंत वाद चालला. शेवटी त्यानेच चित्र मोठे करून कोपरे मोजले. ते छत्तीस निघाले.