मदत हवी आहे: ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीला अपघात, प्रवाशाने काय करायचं?

वळणवाट:
टॅक्सीला मागून दुसऱ्या गाडीने धडक दिली आहे. मागच्या सीटवर दोघी होत्या, दोघींनी पट्टे लावले होते. रक्त नाही, पण एकीची मान आखडली आहे. चालक म्हणतो, "राइड कॅन्सल करा, पैसे कापले जाणार नाहीत, बाकी मी बघतो." करावी का? गाडी आपली नाही, मग पोलिसांना आपण का कळवायचं? आणि औषधपाण्याचा खर्च मागायचा कोणाकडे?

नोंदवही:
कॅन्सल अजिबात करू नका. अपघाताच्या क्षणी ॲप कोणत्या अवस्थेत होतं, यावर बऱ्याच ठिकाणी विमा ठरतो: ॲप बंद होतं, चालक भाड्याची वाट पाहत होता, की प्रवासी गाडीत होता. प्रवासी गाडीत असताना संरक्षण सहसा सर्वांत जास्त असतं. खासगी वापराच्या पॉलिसीत मात्र भाड्याची वाहतूक बहुधा वगळलेली असते. म्हणजे राइड चालू होती याची नोंद हाच तुमचा मुख्य आधार.

आत्ताच स्क्रीनशॉट घ्या. नकाशा, चालकाचं नाव, गाडीचा नंबर, राइड क्रमांक आणि वरच्या कोपऱ्यातली वेळ हे सगळं त्यात दिसू द्या. ॲपमधला नंबर आणि समोरची नंबरप्लेट जुळते का तेही बघा. ईमेलवर आलेली पावती पुसू नका.

फोटो आधी लांबून, दोन्ही गाड्या रस्त्यासकट. मग धडकेची जागा, नंबरप्लेटा, आतली सीट, पट्टा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती सहसा निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गाडीत डॅशकॅम (काचेवरचा, रस्ता टिपणारा कॅमेरा) असेल तर जागा भरली की तो जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं घेत राहतो. ते जपून ठेवा, असं ॲपच्या तक्रार विभागात आजच लेखी कळवा.

पोलिसांना कळवाच. नोंद चालकांच्या माहितीने भरते आणि मागे बसलेले त्यातून गळतात. दोघींची नावं आणि मान दुखतेय हे त्यात आलंय का, वाचून बघा आणि नोंद क्रमांक घ्या.

अस्थिरंध्र:
मानेबद्दल. मागून धडक बसली की डोकं आधी मागे आणि मग पुढे झटकलं जातं, स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात. दुखणं आणि आखडणं पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. म्हणून "मी ठीक आहे" असं घटनास्थळी कोणाला सांगू नका. "तपासून घेणार आहे" एवढंच म्हणा. आणि खरंच आजच तपासून घ्या. आठवड्याने गेलात तर दुखणं याच धडकेचं, हे दाखवणं अवघड होतं. केसपेपरवर "वाहन अपघात, मागची सीट, पट्टा लावलेला" असं लिहून मागा.

मानेच्या मधोमध हाडावर दुखत असेल, हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर मान हलवू न देता रुग्णवाहिका बोलवा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, बरळणं, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, पट्ट्याच्या जागी पोटावर वळ आणि दुखणं, यांतलं काहीही असेल तर थेट तातडीच्या विभागात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, किंवा गर्भवती असेल, तर काही दुखत नसलं तरी तपासणी टाळू नका. गर्भारपणात धडकेने वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते.

वळणवाट:
दोघांचे आभार, राइड तशीच ठेवली आहे. आता धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीचा फोन आलाय. बोलणं रेकॉर्ड करणार म्हणतात, आणि लगेच थोडी रक्कम देऊन मिटवायचं म्हणतात.

नोंदवही:
आज नको. वेळ, जागा, गाडीचा नंबर सांगा. वेग किती होता, चूक कोणाची, किती लागलं, याचा अंदाज बोलू नका. "सर्व दावे मिटले" अशा मजकुरावर सही केली की पुढे एमआरआयचा खर्च निघाला तरी दार बहुधा बंद होतं. मागच्या सीटवरच्या प्रवाशाकडे सहसा दोष येत नाही, त्यामुळे दावा दोन्ही गाड्यांच्या विम्याकडे लेखी नोंदवा. एकाच ठिकाणी नोंदवलात तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवतात आणि मुदत निघून जाते. ही मुदत जागेनुसार बदलते, ती दोघांकडून लेखी मागून घ्या. औषधांची बिलं आणि बुडलेल्या कामाच्या दिवसांची नोंद आजपासूनच ठेवा.