चोंदलेलं नाक, जड डोकं: सायनसचे तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल ठाण्याला परतताना तुर्भ्याला एक मावशी डब्यात चढल्या. मसाला मार्केटातून घेतलेल्या बेडगी मिरचीची पिशवी माझ्या पायाशी ठेवली. तो वास आला आणि मला भरूनच आलं. २ वर्षं मला वासच येत नव्हता. दूध करपून जायचं आणि मी ओट्याशीच उभी! फोडणी दिली की लेकीला विचारायचे, हिंग पडला का गं? गाल ठणकायचे, वाकलं की कपाळ जड. सगळे म्हणायचे, घोडबंदरची धूळ, मेट्रोचं काम, चालायचंच. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, सीटी स्कॅन काढला. दोन्हीकडे पॉलिप, म्हणजे नाकात मांस वाढलेलं. १२ आठवड्यांवर टिकलं की ती साधी सर्दी नसते, हे आधी कळायला हवं होतं. ऑपरेशन झालं, स्टिरॉइडचा स्प्रे अजून रोज घेते. तुमचंही लिहा.

खाडीकाठ
थेंबांबद्दल लिहितोच. नाक मोकळं करणारे, झायलोमेटाझोलिनचे. ८ महिने बाटली उशीखाली. घातले की मोकळं, दोन तासांनी परत बंद. डॉक्टर म्हणाले, आता थेंबांमुळेच सूज येतेय, ५ दिवसांवर घालायचेच नसतात. आधी एक नाकपुडी सोडवली, मग दुसरी. पहिला आठवडा बसूनच झोपलो.

पिंपळपान
लेक ४ वर्षांची. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड. १५ दिवस सर्दीचं औषध चाललं आणि निघाला काय, उशीतल्या स्पंजचा तुकडा!! एकाच बाजूने येत असेल तर आधी आत काही अडकलंय का बघून घ्या. घरी चिमटा घालू नका. बटण सेल असेल तर लगेच पळा, तो आतून जाळतो.

मोगरा_ऐरोली
बापरे. आता कशी आहे?

पिंपळपान
छान आहे गं. उशी मात्र बदलली.

आजी_कोपरी
आम्ही ओव्याची पुरचुंडी करायचो. पण वाफेचं पातेलं मुलांजवळ नकोच. नातवाच्या मांडीवर कलंडलं होतं, डाग अजून आहे. माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ते.

खाडीकाठ
आजी, मनाला लावून घेऊ नका. सगळ्या घरांत तसंच करायचे.

सुरंगी
माझ्या मुलाचं डोकं दुखतच नव्हतं. रात्रीचा खोकला, तोंडाला वास, वाहतं नाक, १२ दिवस. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, कपाळातले सायनस, म्हणजे हाडांतल्या पोकळ्या, साधारण ६-७ वर्षांनंतर आकाराला येतात, लहान मूल कपाळ धरून कसं बसेल? १० दिवसांत उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर अँटिबायोटिकचा विचार. नुसता शेंबूड हिरवा झाला म्हणून नाही, बहुतेक वेळा विषाणूच असतो. मी आदल्या वर्षी उगाच तीन कोर्स दिले होते त्याला.

निवांत
एकाच गालात दुखत असेल तर वरची दाढ दाखवा. माझं तिथेच निघालं.

मोगरा_ऐरोली
मी १० वर्षं सायनस सायनस करत होते, निघालं मायग्रेन. नाक कधी वाहिलंच नव्हतं, उजेड मात्र सोसायचा नाही. बरं, जलनेतीला, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुवायला, नळाचं पाणी चालेल का? आमच्याकडे मोरबे धरणाचं येतं, चांगलं असतं.

रानजाई
कितीही चांगलं असलं तरी उकळून कोमट केलेलंच घे. नळाच्या पाण्यातला एक अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो. क्वचित होतं, पण जिवावर बेततं. पाव लिटरला पाव ते अर्धा चमचा मीठ. आणि स्टिरॉइडचा स्प्रे कुणी घेत असेल तर उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारा, टोक मधल्या पडद्याकडे नको, रक्त येतं. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका.

सुरंगी
आणि डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडणं, यातलं काही झालं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. थांबू नका.

आजी_कोपरी
रानजाई, त्या बेडगीचा भाव काय होता? मसाल्याचे दिवस आले. मला दोन किलो हवी.

रानजाई
आजी, शनिवारी जातेय. वास घेऊन निवडून आणते.